अडकलेल्या दातांमुळे होणारा जंतुसंसर्ग आणि त्याचे निदान : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अक्कलदाढ दुखू लागली की बहुतेकांच्या मनात पहिला प्रश्न येतो तो दाढ काढावी लागेल का, हा. त्याआधी दोन प्रश्नांची उत्तरे मिळायला हवीत : दुखण्याचे मूळ खरोखर त्याच दाढेत आहे का, आणि असल्यास संसर्ग कुठवर पोहोचला आहे? पुढील प्रश्नोत्तरे मुख्यतः या दोन गोष्टींविषयी आहेत. ती वाचून तपासणीला सामोरे जाणे सोपे व्हावे हा हेतू आहे. प्रत्यक्ष तपासणीला मात्र ती पर्याय ठरू शकत नाहीत.

अडकलेला दात कशाला म्हणतात आणि कोणते दात अडकतात?

उगवण्याची वेळ उलटून गेल्यावरही जो दात हाडात किंवा हिरडीखाली राहतो, अथवा अर्धवटच बाहेर येऊन थांबतो, त्याला अडकलेला दात म्हणतात. जबड्यात जागा अपुरी असणे, दाताची दिशा तिरकी असणे किंवा वाटेत दुसरा दात, जादा दात अथवा द्रवाने भरलेली पिशवी आडवी येणे ही त्याची नेहमीची कारणे होत. सर्वांत जास्त अडकतात त्या अक्कलदाढा, कारण त्या साधारण १७ ते २५ या वयात, म्हणजे सर्वांच्या शेवटी उगवतात. त्यांच्या खालोखाल वरच्या सुळ्यांचा क्रम लागतो.

अडकलेल्या प्रत्येक दाताला संसर्ग होतो का?

नाही. जो दात सर्व बाजूंनी हाडाने वेढलेला आहे आणि ज्याचा तोंडातील पोकळीशी कोणताही संबंध आलेला नाही, तिथे जंतूंना शिरण्यासाठी वाटच नसते. असा दात अनेक वर्षे काहीही त्रास न देता राहू शकतो. खरा धोका असतो तो अर्धवट उगवलेल्या दाताला. त्याच्या माथ्यावर हिरडीचा एक पदर राहतो, पदराखाली अन्नाचे कण आणि जंतू साचतात, ब्रशचे केस तिथवर पोहोचत नाहीत आणि प्राणवायू कमी असल्यामुळे त्याशिवाय जगणारे जंतू तिथे झपाट्याने वाढतात.

आरशात पाहून दाढ दिसत नाही, एवढ्यावरून ती पूर्ण झाकलेली आहे असे मानणे मात्र चुकीचे ठरते. पुष्कळदा शेजारच्या दाढेच्या मागील बाजूने एक अरुंद फट थेट अक्कलदाढेपर्यंत गेलेली असते आणि ती केवळ तपासणीच्या बारीक सळईनेच कळते. वृद्धांमध्ये आणखी एक परिस्थिती आढळते : कवळीखालचे हाड वर्षानुवर्षे झिजत जाते, खोल गाडलेला दात हळूहळू पृष्ठभागाजवळ येतो, कवळीच्या दाबाने वरची हिरडी फाटते आणि आयुष्यभर शांत असलेल्या दाताभोवती सत्तरीत पू धरतो.

अडकलेल्या दातामुळे कोणकोणते संसर्ग होतात?

सर्वाधिक आढळणारा म्हणजे दाताच्या माथ्याभोवतीच्या हिरडीचा दाह, ज्याला पेरिकोरोनायटिस म्हणतात. तो बहुधा खालच्या अक्कलदाढेभोवती आणि विशीतील व्यक्तींमध्ये दिसतो. दुसरा प्रकार अधिक छुपा असतो : पुढे झुकलेली अक्कलदाढ शेजारच्या दाढेच्या मागील पृष्ठभागाला टेकते, त्या सांध्यात कीड लागते, कीड नसेपर्यंत जाते आणि मग संसर्ग त्या शेजारच्या, एरवी निरोगी असलेल्या दाढेच्या मुळाशी उतरतो. याच सांध्यात हाड झिजून खोल कप्पाही तयार होऊ शकतो. याशिवाय दाताच्या माथ्याभोवती द्रवाने भरलेली पिशवी वाढून तिला संसर्ग होणे, मऊ ऊतींत गळू होणे आणि क्वचित जबड्याच्या हाडालाच संसर्ग होणे हे प्रकार आहेत. वरच्या अक्कलदाढेचा संसर्ग गालाच्या हाडामागील पोकळीत, म्हणजे मॅक्सिलरी सायनसमध्ये, पसरू शकतो. एकाच बाजूचे नाक वारंवार चोंदत असेल आणि त्यातून दुर्गंधीयुक्त स्राव येत असेल तर त्या बाजूचे वरचे दात तपासायलाच हवेत.

कोणत्या लक्षणांवरून संसर्गाची शंका घ्यावी?

जबड्याच्या मागील कोपऱ्यात ठणका लागणे, चावताना तिथली हिरडी दबून कळ येणे, तोंडाला घाण वास येणे, पदर दाबल्यावर खारट किंवा कडवट चव जाणवणे, जबड्याखाली अवधाण येणे आणि गिळताना घशाच्या त्या बाजूला दुखणे ही नेहमीची लक्षणे आहेत. वेदना कानाकडे किंवा कानशिलाकडे जाऊ शकते, त्यामुळे काही रुग्ण आधी कानाच्या डॉक्टरांकडे जातात. तोंड पूर्ण न उघडणे हे लक्षण विशेष गांभीर्याने घ्यावे, कारण दाह चावण्याच्या स्नायूंपर्यंत पोहोचल्याची ती खूण असते.

या उलट, दाढ उगवताना दोन-चार दिवस हिरडी हुळहुळी होणे हे नुसत्या उगवण्याचे लक्षणही असू शकते. त्यात पू नसतो, ताप नसतो, तोंड नीट उघडते आणि त्रास दिवसागणिक ओसरत जातो.

दंतवैद्य तपासणीत नेमके काय पाहतात?

निदानाचा मोठा भाग एक्स-रेपूर्वीच, संवादातून आणि तपासणीतून होतो. त्रास केव्हा सुरू झाला, याआधी किती वेळा झाला, कोणती औषधे घेतली, ताप आला होता का, मधुमेह किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे आहेत का, हे प्रश्न औपचारिकता म्हणून विचारले जात नाहीत. गेल्या वर्षभरात तीनदा सूज आली आणि दर वेळी गोळ्यांनी बसली, एवढी एक माहिती उपचाराची दिशा बदलू शकते.

त्यानंतर तपासणी बाहेरून सुरू होते. चेहऱ्याच्या दोन्ही बाजू सारख्या आहेत का, सूज मऊ आहे की घट्ट, त्वचा लाल व गरम आहे का, जबड्याखालच्या आणि मानेतील गाठी हाताला लागतात का, हे पाहिले जाते. वरच्या व खालच्या पुढील दातांमधील अंतर मोजून तोंड किती उघडते याची नोंद होते. प्रौढ व्यक्तीत हे अंतर साधारण ३५ ते ५५ मिलिमीटर असते. ही नोंद आकड्यातच असावी असा आग्रह धरण्याजोगी ती आहे, कारण दुसऱ्या दिवशी ३० चे २० मिलिमीटर झाले तर संसर्ग खोलवर सरकत असल्याचे वेळीच कळते.

तोंडाच्या आत हिरडीच्या पदराची लाली, त्यावरील व्रण आणि वरच्या दाढेच्या दाबाच्या खुणा पाहतात. वरची दाढ सुजलेल्या पदरावर आपटत असेल तर दाह ओसरत नाही, आणि ही साधी गोष्ट पाहायची राहून गेली तर उपचार अपुरे पडतात. पदर हलका दाबून पू येतो का ते पाहतात. बारीक सळईने शेजारच्या दाढेमागील कप्प्याची खोली मोजतात. ४ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त खोली संशयास्पद मानली जाते. शेवटी शेजारच्या दाढेवर हलके ठोकून आणि थंड स्पर्श देऊन तिची नस जिवंत आहे का हे तपासतात. ही शेवटची चाचणी वगळली जाऊ नये, कारण अक्कलदाढ काढूनही दुखणे न थांबल्याच्या अनेक तक्रारींचे मूळ शेजारच्या दाढेच्या न तपासलेल्या नसेत असते.

सूज पुढच्या दाढेजवळ आहे. तरीही दोष अक्कलदाढेचा असू शकतो का?

असू शकतो. पू नेहमी उगमाच्या जागीच बाहेर येतो असे नाही. त्याला ज्या दिशेने कमीत कमी अडथळा असेल तिकडे तो सरकतो. खालच्या अक्कलदाढेभोवतीचा पू जबड्याच्या बाहेरील हाडाच्या कडेने गालाच्या स्नायूखालून पुढे येऊन पहिल्या मोठ्या दाढेसमोरील हिरडीत फुगवटा निर्माण करतो. पाहणाऱ्याला तो पहिल्या दाढेचा फोड वाटतो. ती दाढ मात्र थंड स्पर्शाला योग्य प्रतिसाद देते, ठोकल्यावर दुखत नाही आणि एक्स-रेमध्ये तिच्या मुळाशी काहीही आढळत नाही. अशा वेळी फुगवट्यावर बोट ठेवून पुढून मागे दाबत नेल्यास पू अक्कलदाढेच्या पदराखालून येताना दिसू शकतो. ही पडताळणी न करता निरोगी दाढेवर रूट कॅनल उपचार करणे हे रुग्णाचे खरोखर नुकसान आहे.

कोणता एक्स-रे काढावा लागतो?

एका दातापुरता लहान एक्स-रे शेजारच्या दाढेची कीड आणि मुळाशी झालेला बदल स्पष्ट दाखवतो. परंतु तोंड पुरेसे उघडत नसेल किंवा दाढ फार मागे असेल तर फिल्म आत बसत नाही. तेव्हा ओपीजी, म्हणजे दोन्ही जबड्यांचा एकत्रित एक्स-रे, सोयीचा ठरतो. त्यात दाढेची दिशा, खोली, मुळांचा आकार, खालच्या जबड्यातील मज्जातंतूच्या नलिकेशी असलेली जवळीक आणि माथ्याभोवतीची पिशवी हे सर्व एका दृष्टिक्षेपात दिसते. दाढेच्या स्थितीचे वर्णन करण्यासाठी विंटर यांची १९२६ मधील आणि पेल व ग्रेगरी यांची १९३३ मधील वर्गवारी आजही वापरली जाते. पहिली दाढेच्या कलण्यावर, तर दुसरी तिच्या खोलीवर आणि मागे उपलब्ध असलेल्या जागेवर आधारलेली आहे.

सीबीसीटी हे त्रिमितीय चित्रण प्रत्येकाला लागत नाही. मज्जातंतूची नलिका मुळांना चिकटलेली दिसत असेल, पिशवी मोठी असेल किंवा सुळ्याची नेमकी जागा ठरवायची असेल तेव्हा ते उपयोगी पडते. मानेतील मऊ भागांत पू पसरल्याची शंका असल्यास मात्र रुग्णालयात रंगद्रव्य टोचून केलेला सीटी स्कॅनच आवश्यक असतो, कारण सीबीसीटीमध्ये मऊ ऊती नीट दिसत नाहीत.

एक्स-रेमध्ये काही आढळले नाही, तर संसर्ग नाही असे समजावे का?

असे समजू नये. पेरिकोरोनायटिस हा हिरडीचा आजार आहे आणि हिरडी एक्स-रेमध्ये उमटत नाही. हाडातील बदलही उशिराच दिसतात : सर्वसाधारणपणे त्या जागची ३० ते ५० टक्के खनिजे नष्ट झाल्याशिवाय काळपट डाग स्पष्ट होत नाही. म्हणून पहिल्या काही दिवसांच्या तीव्र संसर्गात एक्स-रे पूर्णपणे निर्दोष असू शकतो, आणि तरीही रुग्णाला ताप असतो व तोंड उघडत नसते. जुन्या, वारंवार उलटणाऱ्या दाहात दाढेच्या मागील बाजूचे हाड खरवडल्यासारखे झिजलेले दिसते. दाताच्या माथ्याभोवतीची काळी कडा ३ मिलिमीटरपेक्षा रुंद असेल तर पिशवीची शंका घेऊन पाठपुरावा केला जातो.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. एक्स-रेमध्ये आडवी दाढ दिसली, म्हणून जबड्यातील कोणत्याही दुखण्याचे खापर तिच्यावर फोडणे योग्य नाही.

एक्स-रेच्या किरणांचा धोका कितपत असतो? गरोदरपणात तो काढता येतो का?

एका दाताच्या एक्स-रेमधून मिळणारी मात्रा सहसा १० मायक्रोसिव्हर्टपेक्षा कमी, तर ओपीजीची सुमारे १० ते २५ मायक्रोसिव्हर्ट असते. निसर्गातून प्रत्येक माणसाला जगभरात सरासरी वर्षाला सुमारे २,४०० मायक्रोसिव्हर्ट किरण मिळतच असतात. सीबीसीटीची मात्रा यंत्रानुसार आणि चित्रित भागाच्या आकारानुसार बरीच बदलते आणि ओपीजीपेक्षा पुष्कळ जास्त असू शकते. म्हणूनच ते कारणाशिवाय करू नये. गरोदरपणात किरणांचा रोख जबड्यावर असल्यामुळे गर्भापर्यंत पोहोचणारी मात्रा नगण्य असते. गर्भारपणाची कल्पना आधी अवश्य द्यावी, परंतु तीव्र संसर्गात आवश्यक असलेला एक्स-रे भीतीपोटी टाळू नये. पसरणारा संसर्ग आणि ताप हे आई व बाळ दोघांनाही अधिक घातक आहेत.

रक्ताची किंवा पुवाची तपासणी केव्हा करतात?

हिरडीपुरत्या मर्यादित दाहात सहसा गरज नसते. ताप, वाढती सूज किंवा थकवा असेल तर रक्तातील पांढऱ्या पेशींची संख्या आणि सीआरपी, म्हणजे दाह असताना रक्तात वाढणारे एक प्रथिन, तपासतात. उपचारांना प्रतिसाद मिळतो आहे का हे सीआरपीच्या उतरत्या आकड्यांवरून कळते. संसर्ग वारंवार होत असेल किंवा अपेक्षेपेक्षा वेगाने पसरत असेल तर रक्तातील साखर पाहणे आवश्यक असते, कारण कित्येकांचा मधुमेह अशाच प्रसंगी पहिल्यांदा उघडकीस येतो. पुवाचा नमुना शक्यतो सुईने ओढून घ्यावा लागतो. उघड्या तोंडातून कापसाने पुसून घेतलेल्या नमुन्यात तोंडातील नेहमीचे जंतू मिसळतात आणि हवेत टिकू न शकणारे, खरे जबाबदार जंतू निसटतात.

अक्कलदाढेच्या संसर्गासारखे भासणारे दुसरे आजार कोणते?

यादी बरीच मोठी आहे. शेजारच्या दाढेच्या नसेचा दाह असेल तर थंड-गरम लागल्यावर कळ येते, रात्री दुखणे वाढते आणि नेमका दात सांगता येत नाही. जबड्याच्या सांध्याच्या विकारात कानापुढे दुखते, तोंड उघडताना कट्कन आवाज येतो, पण हिरडी निरोगी असते. टॉन्सिलभोवती पू झाल्यासही तोंड उघडत नाही आणि गिळताना दुखते. मात्र तेव्हा फुगवटा घशात असतो आणि पडजीभ विरुद्ध बाजूला ढकललेली दिसते. जबड्याखालच्या लाळग्रंथीत खडा अडकल्यास जेवताना सूज वाढते व नंतर ओसरते.

एका शक्यतेकडे डोळेझाक होऊ नये अशी कळकळीची विनंती आहे. अक्कलदाढेमागील भागात तोंडाचा कर्करोगही होतो आणि सुरुवातीला तो सामान्य दाहासारखा दिसू शकतो. तीन आठवड्यांत न भरणारा व्रण, कडा घट्ट लागणारी जखम, न दुखणारी पण वाढत जाणारी मानेतील गाठ, दात आपोआप हलू लागणे किंवा खालचा ओठ बधिर होणे यांपैकी काहीही असेल तर ऊतीचा तुकडा काढून तपासणे गरजेचे आहे. तंबाखूचे सेवन असल्यास तर मुळीच वाट पाहू नये. ओठ बधिर होणे हे हाडाच्या खोल संसर्गाचेही लक्षण असू शकते. दोन्ही परिस्थितींत तपासणी तातडीचीच असते.

कोणत्या परिस्थितीत दवाखान्याची वेळ न पाहता थेट रुग्णालयात जावे?

श्वास घेताना त्रास होणे, स्वतःची लाळही गिळता न येणे, आवाज घोगरा किंवा दबलेला होणे, जीभ वर उचलली जाणे, जिभेखालचा भाग कडक होणे, सूज जबड्याखालून मानेकडे किंवा दुसऱ्या बाजूला पसरणे, तोंड बोटभरही न उघडणे, अथवा तीव्र तापासोबत थरकाप, धाप किंवा गोंधळलेपणा जाणवणे : यांपैकी एकही गोष्ट पुरेशी आहे. जर्मन शल्यचिकित्सक विल्हेल्म फ्रेडरिक फॉन लुडविग यांनी १८३६ मध्ये वर्णन केलेला लुडविग्ज अँजायना हा विकार याच वर्गातला आहे. खालच्या दुसऱ्या व तिसऱ्या दाढांच्या मुळांची टोके तोंडाचा तळ सांभाळणाऱ्या स्नायूच्या खालच्या पातळीवर असतात, त्यामुळे तिथला पू थेट जबड्याखालच्या कप्प्यात उतरतो आणि काही तासांत श्वासमार्ग दाबला जाऊ शकतो. अशा रुग्णाला झोपवून ठेवू नये. बसलेल्या स्थितीत न्यावे.

गोळ्या घेऊन सूज पूर्ण बसली. आता तपासणीची गरज आहे का?

आहे. अँटिबायोटिक रक्तावाटे ऊतींत पोहोचते, पण पदराखाली साचलेला मळ, कीड किंवा पिशवी ते दूर करू शकत नाही. कारण जागेवरच राहिल्यामुळे संसर्ग परत येतो. शिवाय अर्धवट घेतलेल्या किंवा स्वतःहून सुरू केलेल्या गोळ्यांमुळे लक्षणे दबतात आणि तपासणाऱ्याला खरे चित्र दिसत नाही. ताप, पसरणारी सूज किंवा अवधाण नसेल तर बहुतेक वेळा पदराखालची जागा धुऊन स्वच्छ करणे आणि कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या एवढे पहिल्या टप्प्यात पुरते. गालावर बाहेरून शेक देऊ नये आणि वेदनाशामक गोळी हिरडीवर चुरून लावू नये. तिने हिरडी भाजते आणि तो पांढरा चट्टा निदानात आणखी गोंधळ निर्माण करतो.

मुलांमधील अडकलेला सुळा कसा ओळखावा?

वयाच्या नवव्या-दहाव्या वर्षी वरच्या सुळ्याचा उंचवटा ओठाच्या आतील हिरडीवर बोटाला लागायला हवा. तो एकाच बाजूला लागत असेल, किंवा दुधाचा सुळा तेराव्या वर्षानंतरही घट्ट असेल, तर एक्स-रे काढावा. एक्स-रे यंत्राच्या नळीची दिशा बदलून घेतलेल्या दोन एक्स-रेंमध्ये सुळा नळीच्याच दिशेने सरकलेला दिसला तर तो टाळूकडे आहे, उलट दिशेने सरकला तर ओठाकडे. अशा सुळ्यांना संसर्ग क्वचितच होतो. खरी काळजी शेजारच्या पटाशीच्या दाताचे मूळ झिजण्याची असते, आणि ती झीज दुखत नाही.

दुखत नसलेल्या अडकलेल्या दाढेची तपासणी करत राहावे का?

हो, करावी. ब्रिटनमधील नाइस या संस्थेने २००० साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार निरोगी अडकलेली अक्कलदाढ केवळ खबरदारी म्हणून काढू नये, आणि पेरिकोरोनायटिसचा पहिला झटका तीव्र नसेल तर तेवढ्यावरूनही काढू नये. दुसऱ्यांदा झाल्यास मात्र विचार करावा. हा दृष्टिकोन रास्त आहे, पण दाढ न काढण्याचा निर्णय घेतला की नियमित पाहणीची जबाबदारीही येते. विशेषतः पुढे झुकलेल्या, अर्धवट उगवलेल्या दाढेच्या बाबतीत शेजारच्या दाढेची मागील बाजू न चुकता तपासावी, कारण तिथली कीड वेदना होईपर्यंत फार खोल गेलेली असते.

काढलेल्या दाताभोवतीचा भाग प्रयोगशाळेत का पाठवतात?

एक्स-रेमध्ये दिसणारी पिशवी नेमकी कोणत्या प्रकारची आहे हे केवळ चित्रावरून निश्चित सांगता येत नाही. साधी डेंटिजेरस पिशवी, ओडोन्टोजेनिक केराटोसिस्ट आणि अमेलोब्लास्टोमा हा अर्बुद, तिन्ही अडकलेल्या अक्कलदाढेभोवती सारख्याच काळ्या वर्तुळाच्या रूपात दिसू शकतात, आणि त्यात संसर्ग झाला की कडा पुसट होऊन फरक ओळखणे अधिकच अवघड होते. म्हणून रुंदावलेली किंवा जाड झालेली पिशवी सूक्ष्मदर्शकाखाली तपासली जाते. अहवालात केराटोसिस्ट आढळल्यास ती पुन्हा उद्भवण्याची शक्यता असल्यामुळे पुढील अनेक वर्षे ठरावीक अंतराने एक्स-रे काढून त्या जागेवर लक्ष ठेवले जाते.